सरळ रेषेत पोपटी

सरळ रेषेत आठशे चाळीस किलोमीटर.

भांबुर्ड्याचा पाला बांधावर फुकट उगवतो आणि हवा असतो तेव्हा दिसत नाही.

साबुदाण्याची खिचडी मी दोन बशा खाल्ली.

विमानतळावरच्या तपासणीच्या ट्रेमध्ये एका वेळी किती रताळी मावतात, हे कुठेही लिहिलेलं नाही.

कासूला सुतळी मिळते.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मलाही वाटत होतं. आता तसं वाटत नाही. खरं तर आता मला काहीच वाटत नाही. पाय दुखतात एवढंच.

*

पुतळीताई माझी थोरली बहीण. बंगळुरूला मुलाकडे, प्रविणकडे, राहते. डिसेंबरात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. भात पुढे ठेवला की म्हणायची पुठ्ठा लागतो, पेज दिली की म्हणायची ओला पुठ्ठा. प्रविणने इडलीपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं करून पाहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, बुधवारी सकाळी येतो. तोपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. ताईने तशी नळी आमच्या आईला लावलेली पाहिली होती. तिने तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी प्रविणने फोन स्पीकरवर टाकला. "मामा, आता तुम्हीच विचारा."

"ताई, काय खाशील?"

मग ती म्हणाली, "पोपटी खाईन. आपल्या शेतातली. गरम."

या ठिकाणी शहाणा माणूस 'बरी हो, मग ये खायला' म्हणतो आणि फोन ठेवतो. मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. अंतर हा शब्द नुसता आसपास फिरकला तरी माझ्या अंगात येतं. मी म्हणालो, "त्यात काय, दीड तासाचं तर विमान आहे."

स्वयंपाकघरात वैशाली, म्हणजे माझी बायको, कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिचं थांबणं मला ऐकू येतं.

*

रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी. थंडीत वालाला शेंगा धरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, असेल तर कोंबडी, अंडी, पुन्हा पाला. तोंड पाल्याने घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाली का हे बघायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र वाजलं की झाली. मग शेतातच पेपरावर ओतून, बोटं भाजत खायची. पोपटी रात्रीची लावतात. का, ते कोणी विचारत नाही, आणि गरम खातात, कारण ती गार कोणी खाल्लेलीच नाही.

*

हिशोब मी भिंतीवरच्या कॅलेंडरखाली टेबल ओढून केला. हा तपशील पुढे लागणार आहे.

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी एक वेबसाईट असते. तिने सरळ रेषेत आठशे चाळीस किलोमीटर आणि एक तास तेहतीस मिनिटं असं उत्तर दिलं. नवा विमानतळ आता पेणहून एवढा जवळ आलाय की आमच्या गल्लीत लोक तिथलं भाडं रिक्षाला विचारतात. मंगळवारी दुपारचं विमान सगळ्यात कमी वेळ घेणारं होतं. म्हणजे रोह्याला शेतात सकाळी पोपटी लावायची, मडकं गोधडीत गुंडाळायचं आणि संध्याकाळी साडेपाचला ताईच्या हातात द्यायचं. मडकं तेवढा वेळ गरम राहतं का, हे पाहायला मी भाताचा कुकर गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला. पाच तासांनी भात कोमट होता. तोच भात आम्ही रात्री खाल्ला. प्रयोगशील माणसाच्या घरात हे चालायचंच.

शेजारी हैबतराव राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी वेबसाईट चष्मा वर करून पाहिली, मग चष्मा खाली करून पाहिली.

"विमान सरळ जातं असं कोण म्हणालं?"

"इथे लिहिलंय."

"ही कधी बसली विमानात?"

"हैबतराव, आकाशात वळणं नसतात."

"मग वैमानिकाला पगार कशाचा देतात?"

त्यांच्या मते जिथे रस्ता नाही तिथे अंतर असू शकत नाही, आणि जी गाडी मध्ये कुठे थांबत नाही ती वेळेवर पोचत नाही. या माणसाने तीस वर्षांत माझ्या एकाही विधानाला 'हो' म्हटलेलं नाही. एकदा मी जिन्यात 'पाऊस पडतोय' म्हणालो, तर त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि म्हणाले, "थांबत आलाय."

तिकीट आल्यावर त्यावर वेळ एक तास पन्नास मिनिटं लिहिलेली निघाली. सतरा मिनिटं कुठून आली, हे विचारायला मी विमान कंपनीच्या नंबरावर फोन केला. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन. मी दोन दाबलं. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, आपको टिकट कॅन्सल करना है?" मी नाही म्हणालो. तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला स्वतःलाच वाटायला लागलं की करावं. हैबतराव दारात उभे होते. त्यांनी नुसती सतरा मिनिटं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला तेवढी वाटली.

*

रोहा. शेत. अपेक्षित: शांतपणे पोपटी लावणे.

सखा माझा चुलतभाऊ. गावाकडची शेती तोच करतो. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या बायकोने साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. सकाळच्या पारी एवढा पाहुणचार म्हणून मी भारावून दोन बशा खाल्ली. वैशालीने चहासुद्धा नको म्हटलं. तिला गाडी लागते, म्हणून मी आग्रह केला नाही.

सखाने कोंबडी कापायची तयारी केली नव्हती. "कोंबडी नको हा भावजी आज," वैशाली म्हणाली. "नाय वयनी, म्हाईत हाय ना मला," सखा म्हणाला. आजारी माणसाच्या पचनाचा दोघांनी केवढा विचार केलाय, असं माझ्या मनात आलं. अंडीही नव्हती.

खरी पंचाईत उजेडाची होती. दिवसाढवळ्या पोपटी लावणारा माणूस आमच्या गावाने पाहिला नव्हता. धूर बघून रस्त्याने जाणारे बांधावर चढले. डोक्यावर भारा घेतलेली बायजाबाई थांबली. वयाने मोठी, म्हणून ती आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करते.

"काय रं सखा, रात व्हयापत धीर नाय?"

"नाय गो काकू, विमानानं धाडायचीय."

"विमान खाताय पोपटी?"

"पुतळीताय खानार. बंगलोरला."

बायजाबाईने भारा खाली ठेवला. "पुतळीला? मंग येवढासाच पाला?" असं म्हणून ती बांधापलीकडे गेली आणि भांबुर्ड्याचा हा एवढा बिंडा घेऊन आली. मला तासभर शोधून मूठभर मिळाला होता. तो कुठे होता असं विचारल्यावर म्हणाली, "व्हता तिथंच."

मी सगळ्या गोष्टी बरोबर वेळेत केल्या. चर्र वाजायच्या आधी मडकं काढलं, कारण घड्याळात निघायची वेळ झाली होती. "वाटंत शिजंल उरलेली," सखा म्हणाला. मडकं गोधडीत, गोधडी वैशालीच्या मांडीवर, आणि आम्ही रस्त्यावर.

*

रोहा ते कासू. अपेक्षित वेळ: पाऊण तास. लागलेला वेळ: गोधडी विझेपर्यंत.

"अहो," वैशाली म्हणाली, "मला ऊब जरा जास्तच लागतेय."

"चांगलं आहे. म्हणजे उष्णता टिकतेय."

"गोधडी धुमसतेय."

मडक्याच्या बुडाला निखारा चिकटून आला होता. कासूजवळ गाडी बाजूला घेतली, गोधडी रस्त्यावर टाकली आणि मी, तेहतीस वर्षं मुलांना तापलेले खडक गार पाण्याने कसे तडकतात हे शिकवलेल्या माणसाने, बाटलीभर पाणी मडक्यावर ओतलं. चर्र असा छान आवाज आला. मग टक् असा दुसरा.

सखाला फोन केला. "चर्र वाजलं? मंग झाली," तो समाधानाने म्हणाला. टक्-बद्दल त्याला काही माहिती नव्हती.

चीर मडक्याच्या कडेपासून बुडापर्यंत गेली होती. स्टेशनाकडच्या एका टपरीवर सुतळी मिळाली. टपरीवाल्याने ती स्वतः बांधून दिली आणि विचारलं, "अस्थी काय?" मी पोपटी असं सांगितलं. तो म्हणाला, "दिवसाची?"

गोधडी वैशालीच्या आईने शिवलेली होती. तिच्या मधोमध आता पेरूएवढं भोक होतं. वैशालीने त्यातून बोट घालून पाहिलं, घडी घातली आणि मागच्या सीटवर ठेवली.

पेणमध्ये देवळासमोर ही मोठी रांग. बायका ताटं घेऊन उभ्या, रस्त्यावर दुर्वांचे ढीग. मंगळवारी सकाळी एवढी गर्दी कशाची, असं वैतागून मी हॉर्न वाजवला. वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि देवळाकडे हात जोडले. गर्दीतून लवकर सुटावं म्हणून असेल, असं मी समजलो. माणसाच्या डोक्यात सरळ रेषा बसली की आजूबाजूचं दिसत नाही, त्याचं हे उदाहरण म्हणून वापरायला हरकत नाही.

*

विमानतळाच्या दाराशी, फक्त प्रवाशांनाच आत सोडतात तिथे, वैशाली थांबली. माझ्या खांद्यावर शाल टाकली. म्हणाली, "तिथे चंद्रोदय किती वाजता आहे, प्रविणला विचारून घ्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? अंगारकी आहे. ताई चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात काही घालायच्या नाहीत."

माझ्या मागे एक कुटुंब सात बॅगा घेऊन उभं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मला वळसा घालून गेले.

"हे तू आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला माहीत नव्हतं? पेणमध्ये राहून?" ती खरंच चकित झाली होती. "तुम्ही खिचडी खाल्लीत दोन बशा. मला वाटलं या वेळी तुम्हीही धरलीत. ताईंसाठी."

कॅलेंडरखाली बसून मी विमानाची सतरा मिनिटं शोधली होती. कॅलेंडरात त्या मंगळवारच्या चौकोनात गणपतीचं चित्र होतं, लाल रंगात. पोपटी साडेपाचला पोचणार आणि चंद्र उगवणार नवानंतर. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते याची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल, सांगता येत नाही.

"जा आता," वैशाली म्हणाली. "गार खातील. पण खातील तरी."

*

तपासणी. अपेक्षित वेळ: वेबसाईटवर ही जागाच नाही.

मशीनमधून मडकं गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. पडद्यापाशी दोन माणसं जमली, मग चार. वर्दीतल्या बाईंनी अगदी सौजन्याने विचारलं, "सर, इसमें क्या है?"

"खाद्यपदार्थ."

"काला क्यों है?"

"भुना हुआ है."

"मटका भी?"

"मटके में भुना है."

"तो मटका क्यों ला रहे हैं?"

हा प्रश्न मला कोणी आधी विचारला नव्हता. मी स्वतःही नाही.

सुतळी सोडल्याबरोबर मडक्याने दोन भाग होऊन आपलं काम संपवलं. वाफ निघाली, शेवटची. शेंगा, बटाटे आणि पाला ट्रेमध्ये सांडले आणि एक रताळं घरंगळत पुढच्या माणसाच्या लॅपटॉपशेजारी जाऊन बसलं. आख्ख्या रांगेत शेताचा धूर पसरला. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी भूगोलाचा शिक्षक असल्याचं कुठे लिहून लावलेलं नसतं, हे अशा वेळी जाणवतं. बाई म्हणाल्या, खाणं न्या, खापऱ्या राहू द्या. मी शाल पसरली, त्यात सगळं गोळा केलं आणि गाठोडं बांधलं. माझे वडील असंच गाठोडं घेऊन रोह्याच्या बाजाराला जायचे. मी शिकून इतका पुढे आलो होतो.

आमचं विमान कुठून तरी यायचं होतं आणि ते तिथून निघालं नव्हतं. दोन तास मी गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

विमानात उड्डाणाच्या आधी विमान कंपनीची एक मुलगी हवा हुंगत मागेपुढे फिरली आणि नेमकी माझ्यापाशी थांबून तिने हळूच विचारलं, काही जळतंय असं वाटतंय का?

"जळत नाही," मी म्हणालो. "जळून झालंय."

विमान सरळ गेलं नाही. उठल्यावर समुद्राकडे वळलं, मग परत वळलं, आणि बंगळुरूवर आल्यावर गोल फिरत राहिलं. मध्ये कुठे थांबलं मात्र नाही. जेवढा वेळ विमानात गेला, त्याहून जास्त खाली उतरून प्रविणच्या घरी पोचायला टॅक्सीत गेला. तोही रस्ता सरळ रेषेत फारसा लांब नव्हता.

*

ताई पलंगावर होती. चादरीखाली माणूस आहे की नुसती घडी, कळत नव्हतं. मी दारात होतो तेवढ्यात तिने मान वळवली आणि नाक वर केलं.

"शेतावरनं आलास व्हय?"

"हो. सरळ."

मी शाल उघडली. तिने एक शेंग उचलून गालाला लावली.

"गार हाय."

"हो."

"ठेव. चंद्र उगवूदे."

प्रविण म्हणाला, "आई, आजारी माणसाला उपास नसतो. सकाळी डॉक्टर येणारेत. तशीही तू काही खात नाहीस."

"रोज खात नाय ती दुखण्यानं. आज खात नाय ती अंगारकीनं. दोनी येकात मिसळू नको."

नऊ वाजून गेले. बाल्कनीसमोर अठरा मजली इमारत. प्रविणने मोबाईल बघितला. "आई, उगवलाय. इथे लिहिलंय."

"मोबाईलात उगवून काय? मला दिसला पायजे."

प्रविण गच्चीवर जाऊन आला. इमारतीच्या मागे असावा म्हणाला. ताईला गच्चीवर न्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही थांबलो. तिचे डोळे मिटायला लागले. प्रविणने माझ्याकडे पाहिलं. ती आता झोपली तर सकाळपर्यंत उठणार नव्हती, आणि सकाळी दार डॉक्टर वाजवणार होते.

"ताई," मी हाक मारली.

तिने डोळे न उघडता म्हटलं, "वैशालीला लाव फोन. तिकडं दिसला का इचार."

"अगं, चंद्र इथे आधी उगवतो. पेण पश्चिमेला आहे, रेखांश..."

"तू गप ऱ्हा. वाल तिकडचा, पाला तिकडचा. मंग चंद्र इकडचा कशाला?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"वैशाली, चंद्र दिसला का गो?"

"ताई, तुम्ही अजून काही खाल्लं नाहीत?"

"कशी खाईन? इथं इमारत हाय."

"थांबा हं, गच्चीवर जाते." जिन्यावर पावलं वाजली. गच्चीचं दार करकरलं. मग बराच वेळ काही नाही.

"दिसला, ताई," वैशाली म्हणाली.

"नक्की?"

"समोरच आहे. हैबतराव पण आहेत इथे. विचारा त्यांना."

हैबतरावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "हो," ते म्हणाले. "आहे ना. चांगला स्वच्छ दिसतोय."

मी एवढा दमलो होतो की त्या 'हो'चं मला काही वाटलं नाही.

ताईने फोनला हात जोडले. शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, आणि आम्ही दोघे तिच्या जबड्याकडे बघत राहिलो.

"मीठ कमी झालाय," ती म्हणाली. "आन सखानं येळंआधी काढली."

"हो."

"आनि पाला कुनी आनला?"

"बायजाबाईने."

"तरीच." तिने दुसरी शेंग घेतली, तिसरी घेतली, मग सालासकट अर्धा बटाटा. प्रविण पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला आणि बराच वेळ आला नाही. धुराचा वास लागलेली शाल तिने पायांवर ओढून घेतली आणि म्हणाली, ही मी ठेवते. मग उरलेलं गाठोडं उशाशी सरकवलं. सकाळी डॉक्टर आले तेव्हा तिच्या पलंगाखाली शेंगांची सालं होती. त्यांनी ती बुटाने बाजूला केली, पिशवीतून काढलेली नळी परत पिशवीत ठेवली आणि हे काय खाल्लं, असं मला विचारलं.

पेणला त्या मंगळवारी संध्याकाळपासून ढग होते. रात्रभर चंद्र कोणालाच दिसला नाही.